हक्कासाठी खुर्ची सोडणारा खाणकामगार

मंत्रिपद मिळवण्यासाठी माणसे काय काय सोडतात हे आपण रोज पाहतो. पक्ष सोडतात, निष्ठा सोडतात, ज्यांच्या मतांवर निवडून आले त्यांनाही वाऱ्यावर सोडतात. म्हणूनच एका तत्त्वासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आयुष्य चळवळीच्या वाचकाला माहीत असावे. ब्रिटनचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा तो माणूस.

१५ नोव्हेंबर १८९७ रोजी वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड कोळसा खाणीत कामगार होते. दहा भावंडांपैकी काही लहानपणीच दगावली. अन्यूरिन बोलताना अडखळत आणि शाळेत त्याबद्दल छळ सोसत. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते खाणीत उतरले. खरे शिक्षण झाले ते कामगारांच्या वाचनालयात. १९१९ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षे शिकून ते परतले, तेव्हा खाणमालकांनी या चळवळ्या तरुणाला कामावर घेतले नाही. हाच अडखळणारा तरुण पुढे ब्रिटिश पार्लमेंटचा गाजलेला वक्ता झाला.

१९२५ मध्ये वडिलांनी मुलाच्या हातांवर प्राण सोडला. आयुष्यभर खाणीची धूळ फुप्फुसात साचली होती. पण हा आजार भरपाईच्या कायद्यात बसत नव्हता, म्हणून कुटुंबाला एक पेनीही मिळाली नाही. वकिली करणाऱ्याला यातले मर्म चटकन कळते. अन्यायासाठी दरवेळी कायदा मोडावा लागत नाही; कायद्याने ज्याला मोजलेच नाही त्याच्यावरही अन्याय होतो. १९११ च्या विमा कायद्यानेही कमावत्या कामगारालाच डॉक्टर दिला होता. त्याची बायको आणि मुले मात्र बाहेर राहिली.

ट्रेडेगरच्या कामगारांनी यावर स्वतःच मार्ग काढला होता. पगारातून वर्गणी कापून त्यांनी वैद्यकीय मदत संस्था चालवली. सभासदाच्या सगळ्या घराला त्यातून डॉक्टर, औषध आणि दवाखाना मिळे. बेव्हन यांनी गावच्या रुग्णालयाच्या समितीवर काम केले आणि हे सारे जवळून पाहिले. १९२९ मध्ये ते एब्बू व्हेलमधून मजूर पक्षाचे खासदार झाले आणि मरेपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. महायुद्धाच्या काळात चर्चिल यांच्यावर सभागृहात उघड टीका करण्याचे धैर्य दाखवणाऱ्या मोजक्या सभासदांत ते होते.

१९४५ मध्ये ॲटली यांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री झाले. घरबांधणी खातेही त्यांच्याकडेच होते. १९४६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात दहापैकी जवळपास नऊ डॉक्टर विरोधात गेले. बेव्हन यांनी तडजोड केली. मोठ्या डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची आणि सरकारी रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रोग्यांसाठी खाटांची मुभा दिली. स्वपक्षातल्या अनेकांना ते रुचले नाही. मात्र मूळ तत्त्वाला त्यांनी हात लावू दिला नाही. ५ जुलै १९४८ पासून गिरणीवालीपासून लॉर्डापर्यंत सर्वांना उपचार मोफत झाले. ते दान नव्हते, नागरिकाचा हक्क होता.

जानेवारी १९५१ मध्ये ते कामगारमंत्री झाले. कोरियात युद्ध चालू होते आणि शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४,७०० दशलक्ष पौंड खर्चायचे ठरले होते. अर्थमंत्री गेट्स्केल यांनी दाताच्या कवळ्या आणि चष्म्यांवर निम्मी किंमत आकारायचे ठरवले. पहिल्या वर्षी त्यातून जेमतेम १३ दशलक्ष पौंड मिळणार होते. एवढ्याशा रकमेसाठी मोफत उपचाराच्या भिंतीला भोक पाडायला बेव्हन तयार नव्हते. एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

याची किंमत मोठी होती. पक्षात फूट पडली, ऑक्टोबरमध्ये सत्ता गेली आणि १९६४ पर्यंत परत आली नाही. पक्ष बुडवल्याचा ठपका बेव्हन यांच्यावर आला. पुढे १९५७ मध्ये, ब्रिटनने एकट्यानेच अण्वस्त्रे टाकावीत या मागणीला विरोध करून त्यांनी आपल्याच अनुयायांना दुखावले. ते चुकत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. १९५९ मध्ये पक्षाचे उपनेते झाले, पण पुन्हा मंत्री झाले नाहीत. ६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

तडजोड कुठे करायची आणि कुठे नाही, हा सत्तेत गेलेल्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढचा प्रश्न आहे. बेव्हन यांनी डॉक्टरांशी तडजोड केली, कारण त्यामुळे गरिबाच्या दारी दवाखाना येत होता. चष्म्याच्या पैशांवर तडजोड केली नाही, कारण त्यामुळे हक्काची पुन्हा खरेदी-विक्री सुरू होत होती. दोन्ही वेळा त्यांनी एकाच माणसाकडे पाहिले, खाणीतून खोकत घरी येणाऱ्या बापाकडे. आपल्या प्रतिनिधींना मत देताना आणि जाब विचारताना हीच कसोटी आपण लावली पाहिजे.