पक्षिमित्र सलीम अली

फाल्गुन लागला की लोणारच्या आसपासच्या माळांवर पळस फुलतो. पाने गळून गेलेली, ऊन तापू लागलेले, आणि अशा वेळी त्या उघड्या फांद्या केशरी फुलांनी झाकून जातात. सकाळी अशा झाडाखाली थोडा वेळ उभे राहावे. साळुंक्या, बुलबुल, अंगठ्याएवढे शिंजीर यांचा वर एकच गलबला चाललेला असतो. ही पाखरे तेथे कशासाठी येतात आणि झाडाला त्यांचा काय उपयोग होतो, हे आपल्या देशात ज्यांनी बारकाईने पाहिले, त्यांत सलीम अली हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते अगदी तान्हे असताना वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. लहानग्या सलीमलाही छर्र्यांची बंदूक मिळाली होती. तिने त्याने एके दिवशी एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती, आणि मामांनाही तिची जात सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस तेव्हा मिलर्ड साहेब होते. मुलगा भीतभीतच आत गेला. साहेबांनी चिमणी ओळखली, एवढेच नव्हे, तर संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यासाठी उघडली. त्या दिवसापासून त्याला पाखरांचा ध्यास लागला.

परंतु ध्यासाने पोट भरत नाही. कॉलेजचा अभ्यास अर्ध्यावर टाकून सलीम अली ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यात गेले. तेथेही त्यांचे लक्ष हिशेबापेक्षा रानाकडेच अधिक. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी लाभली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले व स्ट्रेसेमान या विद्वानाजवळ शिकले. १९३० साली परत येतात, तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

नोकरी नाही, हाताशी पैसा नाही. अशा स्थितीत पत्नी तेहमीनाबाईंसह ते अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. दुसरा एखादा खचला असता. त्यांनी मात्र घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे टक लावली. नर घरटे अर्धेच विणतो, मादी ते पारखते, पसंत पडल्यावरच ते पुरे होते. आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो, हे त्यांनी दिवसचे दिवस पाहून टिपले. त्याच कोकणात आंब्यावरच्या बांडगुळाचेही कोडे त्यांनी उलगडले. शिंजीर बांडगुळाच्या फुलातील मध पितो आणि पराग या फुलातून त्या फुलात नेतो. फुलटोचा त्याचे फळ गिळतो, आणि विष्ठेतून पडलेले चिकट बी फांदीला चिकटून तेथेच रुजते. १९३२ साली त्यांनी फुलांकडे येणारे पक्षी व पक्ष्यांवर विसंबणारी फुले यांविषयी सोसायटीच्या नियतकालिकात विस्तृत लेख लिहिला. पळस, पांगरा, काटेसावर यांच्या फुलांना म्हणण्यासारखा सुवास नाही, पण रंग भडक आणि मध भरपूर. चोच आत घालताच पाखराच्या माथ्याला किंवा गळ्याला पराग लागतात व पुढच्या फुलावर पोचतात.

येथे थोडे विषयांतर करतो. शाळेची बाग लावताना आपण बहुधा रंगालाच भुलतो. दाट पाकळ्यांच्या पुष्कळ शोभेच्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीला तेथे फारसे काही मिळत नाही. त्यापेक्षा लोणारसारख्या कोरड्या मुलखात कुंपणाशी अडुळसा व कोपऱ्यात पांगरा लावावा. कढीलिंबाची पाने कुरतडलेली दिसली, तर औषध फवारू नये. त्या अळ्यांचीच पुढे फुलपाखरे होतात.

हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी सलीम अलींनी केली, ती बहुतेक प्रवासखर्चावरच. रानावनात सोबत करणाऱ्या तेहमीनाबाई १९३९ साली निवर्तल्या. तो घाव मोठा होता. तरी १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक बाहेर पडले, आणि सामान्य माणूसही अंगणातले पाखरू नावाने ओळखू लागला. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्याच सुमारास लाभलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. ज्या कचेरीत एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन बिचकत शिरला होता, तीच ही संस्था.

१९८५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीला जागा दिली. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.