आधी स्वतःला टोचून

बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडले जाईपर्यंत कर्जत स्टेशनात वडा खाल्ला नाही, असा मुंबई-पुण्याचा प्रवासी विरळाच! १८६३ पासून घाटातून धावणाऱ्या या लोहमार्गाने माणसे नेली, धान्य नेले आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक महाभयंकर रोगही नेला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले आणि बघता बघता लाखो लोकांनी शहर सोडले. कोणी आगगाडीने, कोणी खालापूर-खोपोलीवरून जाणाऱ्या जुन्या सडकेने गावाकडे निघाले. माणसांबरोबर रोगही निघाला. काखेत, जांघेत गाठ आणि सणसणून ताप आला की घरच्यांची आशा सुटे.

अशा वेळी, ऑक्टोबरमध्ये, सरकारने कलकत्त्याहून एका परदेशी शास्त्रज्ञाला मुंबईत पाठवले. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी तुरुंगही पाहिला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे सुरुवातीला मिळाले ते ग्रंथालयातले काम. पण उरलेल्या वेळात त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि हजारो लोकांना त्यांनी ही लस टोचली.

मुंबईत त्यांना जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात. जे. जे. रुग्णालयाशी जोडलेल्या या शिक्षणसंस्थेतील एक खोली व व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच संसार. बोकडाच्या मांसाच्या रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवीत. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने ते मारले जात. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात, हे त्यामागचे तत्त्व.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. ताप आला, अंग ठणकले, पण ते काम करीत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी स्वखुशीने पुढे आले. टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेले वगळले तर लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी बाराजणांना झाला, सहा दगावले.

तरीही लोक घाबरत. त्यात नवल ते काय? तपासणीच्या नावाखाली सोजीर घरात शिरत होते, माणसे उचलून नेत होते. सरकारची सुई म्हणजे आणखी एक संकट, असेच वाटणार. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाज मोठ्या संख्येने पुढे आला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. पैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना दूर करण्यात आले, १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दोष प्रयोगशाळेत शिरला असता तर बाटलीला दुर्गंधी आली असती, ती आली नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून न्याय मागितला आणि अखेर हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधीच, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले होते. तिथेच पुढे सर्पदंशावरील प्रतिविष तयार झाले. म्हसकर आणि कायस यांनी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती तपासल्या आणि एकही गुणकारी नसल्याचे १९३१ मध्ये दाखवून दिले. भाताच्या खाचरात पाय टाकणाऱ्या कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला याहून जवळचे संशोधन कोणते? साप चावला की मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठायचे, हा त्याचा सरळ अर्थ.

आज मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा प्रत्येक शाखेत नवे शोध लागत आहेत. पण शोध बाटलीत राहतो, तो माणसापर्यंत पोचतो विश्वासाने. हाफकिन यांनी तो सुई आधी स्वतःला टोचून मिळवला. एका पडलेल्या चिमट्याने तो गेला आणि परत यायला पाच वर्षे लागली. म्हणून वाडीवरच्या उपकेंद्रात नवी सुई उघडणारे हातही संशोधकाइतकेच मोलाचे आहेत.