केडगावची मंडळी, तिचे मंदिर आणि पंडिता रमाबाईंची भाषा

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र मराठीत बहुधा दोन अंगांनी लिहिले गेले आहे. एक अंग स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे, दुसरे धर्मांतराच्या वादाचे. केडगावच्या माळावर त्यांच्याभोवती जमलेली मंडळी आणि त्या मंडळीसाठी उभारलेले दगडी मंदिर यांचा उल्लेख चरित्रकार जाता जाता करतात. आणि त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर वाङ्मयेतिहासात दोन-चार ओळींत आटोपते. वस्तुतः ही भाषांतरित भाषा आणि ते मंदिर यांचा संबंध निकटचा आहे. ज्या श्रोतृवर्गासाठी मंदिर बांधले गेले, त्याच श्रोतृवर्गासाठी ती भाषा घडवली गेली. रमाबाईंच्या जीवनक्रमाकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यातील काही परस्परविसंगत वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागू शकते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. रमाबाईंचा जन्म तेथलाच. त्या तान्ह्या असतानाच कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली आणि मग ती थांबलीच नाही. उपजीविका पुराणिकाची. देवळाच्या आवारात, घाटावर किंवा झाडाखाली लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी बसावे, पोथी उघडावी आणि संस्कृत पुराण मोठ्याने वाचावे. येणारेजाणारे थांबत, ऐकत, फुले, फळे, पैसा ठेवत आणि पुढे जात. वाचलेल्याचा अर्थ बहुतेकांना कळत नसे, आणि तो कळावा अशी अपेक्षाही नसे. पवित्र शब्द कानी पडला म्हणजे पुण्य पदरी पडले, अशी श्रद्धा होती. रमाबाईंनी उतारवयात लिहिलेल्या आत्मनिवेदनात या पुराणवाचनाचे वर्णन बारकाव्याने आले आहे. वक्ता आणि श्रोता यांच्यामधील हे अंतर त्यांनी श्रोत्याच्या बाजूने नव्हे, वक्त्याच्या आसनावर बसून पाहिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वत्सभेने त्यांना पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. पुढील चार वर्षांत भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि वैधव्य असे सारे घडून गेले. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. हे पुस्तक स्त्रियांसाठी लिहिलेले. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, समासबहुल आणि ज्यांच्या घरी पोथ्यापुस्तके आहेत त्यांनाच पेलणारी. लेखिकेच्या मनातील स्त्री त्या वेळी ब्राह्मण वाड्यातली होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरअखेर वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात अनेक तात्त्विक खटके आहेत. त्यांतील एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटावा. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती आणि ती रमाबाईंना मान्य नव्हती. आपल्याला न कळणारी भाषा अंगावर का वागवावी, आणि लॅटिन पवित्र असेल तर संस्कृत का नाही, असा त्यांचा आक्षेप होता. उपासनेची भाषा परकी असू नये, हे सूत्र येथे प्रथम स्पष्ट होते. मात्र या टप्प्यावर त्यांच्या मनातील स्वभाषा संस्कृत आहे; मराठी नाही. लॅटिनच्या जागी त्या संस्कृत मागत होत्या आणि हिंदुस्थानातील ज्या स्त्रियांच्या वतीने त्या बोलत होत्या, त्यांतील बहुतेकींना दोन्ही भाषा सारख्याच दूरच्या होत्या. ही त्रुटी त्यांच्या लक्षात आणून देणारे माणूस चेल्टनहॅमच्या विद्यालयात भेटण्यासारखे नव्हते. ते भेटले बारा-तेरा वर्षांनी, मध्यप्रांताच्या दुष्काळात.

मधला काळ अमेरिकेचा आणि शारदा सदनाचा. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदन धर्मनिरपेक्ष असावे, अशी अट होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. जिला यावेसे वाटे ती विद्यार्थिनी येऊन बसे. या उघड्या दारावरूनच वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या आणि ‘केसरी’चा रोष शिगेला पोहोचला. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी समजण्याजोगे होते. पालकांना दिलेला शब्द आणि उघडे दार यांत ताण होता, आणि रमाबाईंनी तो ताण पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

अमेरिकेचे साहाय्य १८९८ मध्ये संपणार, म्हणून फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे या हिशेबाने त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली होती. विहिरी खणल्या, झाडे लावली. तेथे मंडळी वसवावयाची, असा संकल्प त्या वेळी नव्हता. संकल्पाचे स्वरूप निराळेच होते. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनामेळ्यात त्यांनी आपल्या हाताखालच्या पंधरा श्रद्धावान मुलींच्या वर्गाइतक्या, म्हणजे दोनशे पंचवीस, मुली मिळाव्यात अशी प्रार्थना केल्याचे त्यांनीच नमूद केले आहे. पुढच्या वर्षाच्या आत हा आकडा ओलांडला गेला. पण तो ज्या मार्गाने ओलांडला गेला तो भीषण होता. मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई, बालपणी स्वतः उपासमार सोसलेल्या, तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते; एवढ्या जणींना शहरात ठेवण्याची मुभा मिळेना. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले.

बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसांची वस्ती झाली ती अशी. प्रारंभी तंबू आणि कुडाच्या झोपड्या. हाडांचा सापळा झालेल्या मुलींना आधी पेज, मग कपडा, मग अक्षर. १८९७ च्या नोव्हेंबरात शंभराहून अधिक मुलींना बैलगाड्यांतून भीमेच्या काठी नेऊन बाप्तिस्मा देण्यात आला. १८९८ मध्ये या वस्तीला मुक्ती हे नाव रीतसर मिळाले. मंडळी झाली होती. तिला मावेल असे छप्पर नव्हते. १८९९ मध्ये मंदिराचा पाया घातला गेला. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली, गुजरात आणि राजपुतान्यात छप्पन्नचा दुष्काळ पडला आणि भिंती पुऱ्या होण्याआधीच नव्या मुलींच्या तुकड्या येऊ लागल्या. थोड्याच अवधीत मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मोजून मापून बांधलेली वास्तू मंडळीच्या वाढीशी शर्यत लावीत होती, असे या दोन-तीन वर्षांचे चित्र आहे. आहेत तेवढ्यांपुरते दार लावून घ्यावे, असा विचार तेव्हा अव्यवहार्य ठरला नसता. तो झाला नाही. उलट १८९९ मध्येच समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध आणि वृद्ध स्त्रियांचीही सोय झाली. हे मंदिर कोणत्याही एका पंथाशी जोडले गेले नाही, हेही लक्षणीय आहे. वाँटेजच्या भगिनींना ते रुचणे शक्यच नव्हते.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या हातानेच तिला धर्म दिला, तर तिच्या स्वीकारात स्वेच्छा किती? शारदा सदनाच्या वेळी पालक प्रश्न विचारावयास होते; दुष्काळातल्या मुलींच्या वतीने विचारणारे कोणी उरले नव्हते. रमाबाईंनी या वेळी आपला हेतू झाकला नाही, मुक्तीचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येईल. पण त्याने प्रश्न मिटत नाही. त्याचबरोबर, त्या मुलींना प्रत्यक्षात उपलब्ध असलेला पर्याय कोणता होता, हेही टीकाकाराला पाहावे लागते. स्त्रियांना फसवून नेणारे दलाल दुष्काळी भागात मोकाट होते.

भाषेच्या दृष्टीने या मंडळीची स्थिती विलक्षण होती. दगडी मंदिरात जमिनीवर ओळीने बसलेल्या शेकडो मुलींत मराठी ही अनेकींची जन्मभाषाही नव्हती. कोणी हिंदी मुलखातून, कोणी गुजरातेतून आलेली. बहुसंख्य निरक्षर, जातीने बहुजन. त्यांना जोडणारी भाषा मराठी. पण ती शेतावर, चुलीपाशी, मागावर, घाण्यावर शिकलेली मराठी. लहानपणी देवळाच्या आवारात संस्कृत पोथी वाचणाऱ्या रमाबाई आता पुन्हा श्रोत्यांसमोर ग्रंथ उघडून बसल्या होत्या. आणि या वेळी श्रोत्याला अर्थ कळणे ही पुण्याची पूर्वअट होती. प्रचलित मराठी बायबलची भाषा पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेली. त्यातील संस्कृत शब्द या मुलींना अडत. आणि रमाबाईंच्या मते त्यांतील काही शब्द जुन्या धर्मकल्पनांचे ओझे घेऊन येत.

१९०५ च्या जूनअखेरीस मुक्तीत आत्मिक जागृतीची लाट आली. मुली मोठमोठ्याने, एकाच वेळी, रडत, गात प्रार्थना करू लागल्या. पाहुण्या पाश्चात्त्यांपैकी काहींना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाच्या भावना त्याच्याच रीतीने प्रकट व्हाव्यात, परक्या शिस्तीचे साचे त्यावर लादू नयेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाँटेजच्या क्रुसावरील अक्षरांचा वाद येथे पुढे सरकला आहे. स्वभाषेची मागणी आता एका पंडितेच्या अभिमानातून न येता निरक्षर मंडळीच्या गरजेतून येते.

याच सुमारास त्यांनी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सहकारी स्त्रियांनाही शिकवले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथल्याच स्त्रिया करीत. म्हणजे ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांच्याच हातून त्याची छपाई. मराठी मुद्रणाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळा.

भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना मात्र भाबडेपणा नको. रमाबाईंनी दोन उद्दिष्टे एकत्र धरली: मूळ शब्दाशी अक्षरशः इमान आणि सामान्य स्त्रीला कळणारी बोली. ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. शब्द सोपे, पण वाक्यरचना मुळाला बिलगलेली. त्यामुळे वाचन ठेचाळते. शिवाय जुन्या धर्मकल्पनांचे शब्द गाळण्याच्या आग्रहात संतांनी घडवलेली, निरक्षरालाही कळणारी भक्तीची परिभाषाही दुरावली. समकालीन ना. वा. टिळकांनी उलटी वाट धरली. अभंग-ओवी हाताशी घेऊन त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी सूर दिला, आणि त्यांची पदे मराठी मंडळ्यांत घरोघर पोहोचली. रमाबाईंचे बायबल मुक्तीबाहेर फारसे रुजले नाही. तरीही ज्या भाषेत शब्द उच्चारला की समोरच्या ओळीतील मुलीचा चेहरा पाहून तो ठेवावा की बदलावा हे ठरवता येई, अशा जिवंत श्रोतृवर्गाच्या सान्निध्यात झालेले ते भाषांतर आहे. त्याची कसोटी एकांतातील वाचनापेक्षा मंदिरातील श्रवणावर लावणे अधिक न्याय्य ठरेल. तशी तपासणी मराठीत पुरेशी झालेली नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच राहिली नाही. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ऐकू येणे फार कमी झाले होते, प्रकृती खालावली होती, पण मुद्रिते तपासणे चालू होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले.