विषारी धातूंचा पारखी : सॅम्युएल हानेमान

होमिओपॅथीचे जनक म्हणून सॅम्युएल हानेमान यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु त्याआधी ते धातूंच्या विषारीपणाचा कसून अभ्यास करणारे रसायनज्ञ होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. १० एप्रिल १७५५ रोजी सॅक्सनीतील मायसेन येथे, चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७७९ मध्ये त्यांनी एर्लांगेन विद्यापीठाची वैद्यक पदवी मिळवली. पुढे संसाराला मोठा आधार होता तो भाषांतरांचा.

१७८६ मध्ये त्यांनी सोमलाच्या विषबाधेवर ग्रंथ लिहिला. आंबट मद्य गोड करण्यासाठी त्यात शिशाचे क्षार मिसळले जात. जुन्या चाचणीत शिसे व लोह यांतील भेद कळत नसे. तो दाखवणारी चाचणी हानेमान यांनी १७८८ मध्ये मांडली. उपदंशावर तेव्हा पारा इतका दिला जाई, की रुग्णाची लाळ गळे, दात हलू लागत. हानेमान यांनी सौम्य ‘विद्राव्य पारा’ सिद्ध केला. ‘मर्क्युरियस सोल्युबिलिस’ हे औषध त्याचाच वारसा होय.

१७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः सेवन केल्यावर त्यांना तापासारखी लक्षणे जाणवली. त्यातून ‘समाने समानाचे शमन’ हा विचार आकारास आला आणि १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ प्रसिद्ध झाला. न विरघळणाऱ्या धातूंसाठी त्यांनी खलाचा आधार घेतला. सोन्याचा वर्ख शंभरपट दुग्धशर्करेत तासभर खलायचा. त्यातील एक भाग पुन्हा शंभरपट शर्करेत. तिसऱ्या खेपेस सोने सुमारे दहा लाखांत एक भाग उरे. जीवनाला विटलेल्या रुग्णांसाठी ते सोने सुचवीत.

औषधे स्वतःच तयार करून देण्यावरून लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांशी त्यांचा संघर्ष झाला. १८२१ मध्ये ते क्योथेनला गेले, १८३५ मध्ये पॅरिसला. तेथेच २ जुलै १८४३ रोजी त्यांचे निधन झाले.

रेणूच्या आकाराचा पहिला अंदाज आला तो १८६५ मध्ये. त्या हिशेबाने शंभरपटीच्या बाराव्या विरलीकरणानंतर मूळ धातूचा एकही अणू उरण्याची शक्यता नसते. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला २०१५ मध्ये कोणत्याही विकारात आढळला नाही. कमी विरल केलेल्या औषधांत मात्र धातू खरोखरच असतो. तेथे हानेमान यांनी तरुणपणी घेतलेली विषपरीक्षेची दक्षताच उपयोगी पडते.