बुजरा मोहन : महात्मा गांधी



2 ऑक्टोबरला आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शाळाशाळांत मुलं गांधीजींवर भाषणं करतात. पाठ केलेलं भाषण विसरून मध्येच रडू फुटणारं एखादं लेकरूही असतंच. त्या लेकराला ही गोष्ट जरूर सांगा.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला झाला. राजकोटच्या शाळेत हा मुलगा फार बुजरा होता. घंटा होताच शाळेत यायचं आणि सुटली की घराकडे धूम ठोकायची. का? तर वाटेत कुणी बोलेल, चेष्टा करेल, ही भीती!

1888 साली ते कायदा शिकायला लंडनला गेले. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना घेतलं, पण बैठकीत तोंडच उघडेना. एकदा मनातलं सगळं कागदावर लिहून नेलं, तेही वाचायचा धीर झाला नाही. शेवटी दुसऱ्याने वाचून दाखवलं.

बॅरिस्टर होऊन 1891 ला परतले आणि मुंबईत वकिली सुरू केली. पहिला खटला ममीबाईंचा, फी 30 रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले आणि डोकं गरगरलं. एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवला.

मग बदल कुठे झाला? दक्षिण आफ्रिकेत. तिथं आपल्या माणसांचा अपमान होत होता. 1893 मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांना जमवून त्यांनी भाषण केलं. विषय जिव्हाळ्याचा. त्यामुळे बोलता आलं.

पण लाजाळूपणा एका दिवसात जात नाही. 1896 मध्ये मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली मोठी सभा भरली. गांधीजी लिहिलेलं भाषण वाचू लागले, पण आवाज शेवटपर्यंत पोचेना. आधी केशवराव देशपांडे आणि मग दिनशा वाच्छा यांनी ते वाचलं. गांधीजी खचले नाहीत, काम चालूच ठेवलं.

त्याच मुंबईत 8 ऑगस्ट 1942 रोजी गोवालिया टँक मैदानावर ते बोलले आणि सारा देश पेटून उठला. पुढं त्यांना आपल्या लाजरेपणाचा फायदाच झाला असं वाटे. कमी बोलायची, शब्द तोलून वापरायची सवय त्यातूनच लागली, असं ते मानत.

आपण काय घ्यायचं? वाडी-तांड्यावरून आलेल्या गप्प पोराला एकदम माईकसमोर उभं करू नका. आधी दोघा-चौघांत बोलू द्या. त्याच्या आवडीचा विषय द्या, मग तो शेतातल्या बैलांचा का असेना. लिहून आणलं तर मित्राला वाचू द्या. चारचौघांत "मुका आहेस का?" असं तर कधीच म्हणू नका. अडखळला तर हसू नका, पुन्हा संधी द्या.

कारण आज वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेलं पोर उद्या काय बोलेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही.