आल्मन स्ट्रोजर: ऑपरेटरला हटवणारा माणूस आणि आपल्या ऑफिसचा फोन

टेलिफोन खात्यातल्या जुन्या लोकांना स्ट्रोजर एक्सचेंज हे नाव तोंडपाठ असतं. ते ज्याच्या नावाने ओळखलं जायचं, त्या आल्मन स्ट्रोजरची आज ओळख करून घेऊ. मी कांदिवलीत ऑफिसांचे ईपीएबीएक्स बसवतो. ऑफिसच्या फोनवरून इमर्जन्सी कॉल कसा जातो हे समजावताना मी सुरुवात याच माणसापासून करतो.

स्ट्रोजरचा जन्म 1839 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. यादवी युद्धात तो लढला, मग शाळामास्तर झाला आणि पुढे कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करू लागला. तेव्हा एक्सचेंजमधली ऑपरेटर हाताने वायर जोडून कॉल लावून द्यायची. असं सांगतात की तिथली एक ऑपरेटर स्ट्रोजरच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि त्याची गिऱ्हाइकं आपल्या नवऱ्याकडे वळवायची. स्ट्रोजरने ठरवलं, मधला माणूसच नको.

10 मार्च 1891 ला त्याला स्वयंचलित एक्सचेंजचं पेटंट मिळालं. 3 नोव्हेंबर 1892 ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात असं एक्सचेंज सुरू झालं. फोनवरून विजेचे ठोके जायचे आणि एक्सचेंजमधला यांत्रिक हात पायरी-पायरीने सरकून हव्या त्या नंबरावर थांबायचा. पुढे स्ट्रोजरने आपले हक्क विकले आणि 1902 मध्ये फ्लोरिडात तो वारला. यंत्र मात्र अनेक दशकं चाललं. आपल्याकडे बंगळुरूच्या आयटीआयमध्येही ते बनायचं.

ऑपरेटर गेली, तशी कॉल कोणाचा आणि कुठून आला हे ओळखणारी व्यक्तीही गेली. यंत्राला फक्त लाइन कळते. घरी हे चालतं, कारण एका लाइनला एक पत्ता असतो. ऑफिसात मात्र पन्नास एक्स्टेंशन मोजक्या ट्रंक लाइनवरून बाहेर जातात. 112 ला कॉल केला तर पलीकडे दिसतो तो ट्रंकचा नंबर आणि त्यावर नोंदलेला पत्ता. ट्रंक अंधेरीच्या हेड ऑफिसच्या नावावर आणि फोन कांदिवलीच्या शाखेत असेल, तर पत्ता अंधेरीचा जाऊ शकतो. त्यात लोखंडवाला अंधेरीतही आहे आणि कांदिवली पूर्वेलाही! गाडी भलतीकडे गेली, तर तेवढ्या मिनिटांत जीव जाऊ शकतो.

दुसरी अडचण बाहेरच्या लाइनसाठी आधी लावायच्या 0 किंवा 9 ची. 2013 मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलात आईवर हल्ला झाला, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911 लावला. आधी 9 लावायचा हे तिला ठाऊक नव्हतं. कॉल लागलाच नाही, आई वाचली नाही. म्हणून 2018 मध्ये अमेरिकेत कारीज लॉ हा कायदा झाला: इमर्जन्सी नंबर थेट लागलाच पाहिजे.

तुमच्या ईपीएबीएक्सवाल्याकडून एवढं करून घ्या:

- 112 आधी 0 न लावता लागावा, आणि 0 लावूनही लागावा.
- प्रत्येक शाखेचा इमर्जन्सी कॉल त्याच शाखेच्या लाइनवरून जावा.
- कंपनीकडे नोंदलेला पत्ता मजल्यासकट बरोबर असावा.
- 112 लागताच रिसेप्शन आणि सिक्युरिटीला अलर्ट जावा, म्हणजे गेटवर कोणीतरी उभं राहील.

आणि प्रत्येक फोनवर स्टिकर लावा: कांदिवली पूर्व की पश्चिम, बिल्डिंग, मजला. घाबरलेला माणूस पत्ता विसरतो. तेव्हा तो समोर वाचायला मिळाला पाहिजे.