अध्यात्मी श्रावक : कविवर बनारसीदास

आपल्या श्रद्धेची कहाणी, तिच्यातील चुकांसह, लिहून ठेवणारे श्रावक विरळाच. कविवर बनारसीदास हे त्यांतील अग्रगण्य होत. विक्रम संवत १६९८ मध्ये (इ. स. १६४१) आग्रा येथे त्यांनी ‘अर्धकथानक’ हे ६७५ पद्यांचे आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून आपल्या ५५ वर्षांच्या वृत्तांतास त्यांनी अर्धी कथा म्हटले. स्वतःविषयी लिहितानाही त्यांनी परक्या माणसाविषयी लिहावे तशी तृतीय पुरुषाची भाषा ठेवली आहे.

त्यांचा जन्म विक्रम संवत १६४३ च्या माघ महिन्यात जौनपूर येथे झाला. पिता खरगसेन जवाहिराचे व्यापारी. कुळ श्रीमाळ, गोत्र बिहोलिया, परंपरा श्वेतांबर खरतरगच्छाची. बालकाचे पहिले नाव विक्रमाजित होते. पुढे काशीच्या पार्श्वनाथ मंदिरातील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून, भगवंतांच्या जन्मनगरीचे नाव त्यास देण्यात आले. किशोरवयात मुनी भानुचंद्र यांच्यापाशी सामायिक, प्रतिक्रमण आदी पाठ झाले. त्याच वयात शृंगाररसाची रचनाही झाली आणि पित्यास चिंता वाटावी असे वर्तनही घडले.

श्रद्धेची भ्रमंतीही तेव्हाच सुरू झाली. एका संन्याशाने मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जपल्यास दारात रोज एक दिनार मिळेल, असे सांगितले. वर्ष सरले, दिनार काही मिळाला नाही. मग एका योग्याने शंख दिला आणि तोच सदाशिव समजून पूजण्यास सांगितले. श्रावककुळातील हा तरुण त्या शंखाची पूजा केल्यावाचून अन्न घेईना. काशीस पार्श्वप्रभूंच्या दर्शनास गेला, तेव्हाही शंख बरोबर होताच! शंखाची पूजा करणारा तोही एक शंखच, असा विनोद कविवरांनी पुढे स्वतःवर केला आहे.

इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरास आली. बनारसीदास तेव्हा जिन्यावर बसले होते; वार्ता ऐकताच ते कोसळले व मस्तकास जखम झाली. बरे झाल्यावर एकांतात त्यांच्या मनात आले, की आपण पडलो तेव्हा शिवाने आपल्याला सावरले नाही. शंखपूजा तेथेच थांबली. पुढे शृंगाराची पोथीही त्यांनी मित्रांसमक्ष गोमतीत सोडली आणि नित्य देवदर्शन व व्रतनियम सुरू केले. व्यापारात मात्र यश बेताचेच. आग्र्यात भांडवल बुडाले, तेव्हा कचोरीवाल्याच्या उधारीवर त्यांनी कित्येक महिने काढले.

खरे वादळ पुढेच होते. संवत १६८० मध्ये (इ. स. १६२३) खैराबाद येथे अरथमल ढोर यांनी त्यांना ‘समयसारा’वरील राजमल्लांची भाषाटीका वाचावयास दिली. आचार्य कुंदकुंदांचा निश्चयनय हाती आला, परंतु व्यवहारनयाची जोड राहिली नाही. आत्मा शुद्धच आहे, तर जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण कशासाठी? बनारसीदासांनी ते सारे सोडले. चंद्रभान, उदयकरण व थानमल या मित्रांसह बंद खोलीत ते नग्न होऊन नाचत आणि आता आपण निष्परिग्रही मुनी झालो, असे म्हणत. लोकांनी नावे ठेवली, निंदा केली. ती अकारण नव्हती. क्रियेतील रस गेला, आत्मरस तर मिळालाच नव्हता, अशी ही त्रिशंकू अवस्था त्यांनी नोंदविली आहे. तिच्यासाठी योजलेली उंटाची ग्राम्य उपमा मात्र या पानावर देणे प्रशस्त नव्हे.

ही स्थिती सुमारे बारा वर्षे राहिली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद पांडे आग्र्यास आले व तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. तेथील अध्यात्मप्रेमी मंडळींनी त्यांच्याकडून ‘गोम्मटसारा’चे वाचन करविले. नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींच्या या ग्रंथातील चौदा गुणस्थानांचा क्रम पंडितजींनी उलगडला. जीव ज्या पायरीवर असेल तिला साजेशी क्रिया असते. वरच्या पायरीचे बोलणे खालच्या पायरीवरून करू नये. हे समजताच बनारसीदासांचा संशय फिटला. ज्या ‘समयसारा’ने त्यांना भटकविले होते, त्यावरच पुढील वर्षी त्यांनी ‘समयसार नाटक’ हा पद्यग्रंथ रचला. आजही अनेक मंदिरांत त्याचा स्वाध्याय होतो.

संसारात त्यांना सुख थोडेच लाभले. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली. एकही जगले नाही. आत्मचरित्राच्या अखेरीस त्यांनी आपल्या गुणांबरोबर दोषही मांडले आहेत. द्रव्याचा लोभ सुटत नाही, जपतपाची व दानपूजेची ओढ नाही, थट्टेत खोटे बोलणे आवडते, कोणी नसले की नाचावेसे वाटते! गुणस्थानांचा बोध झाल्यानंतर, पन्नाशी उलटलेल्या श्रावकाने हे लिहिले आहे.

तेथेच त्यांनी आपला परिचयही दिला आहे : नगर आग्रा, धर्म जैन, कुळ श्रीमाळ, गोत्र बिहोलिया, आणि स्वतः अध्यात्मी. कोणत्याही संप्रदायाचे नाव त्यात नाही. जन्म श्वेतांबर कुळातला, बोध दिगंबर ग्रंथांतून. त्यामुळे त्यांना कोठे बसवावे हा प्रश्न इतरांना पडत राहिला. श्वेतांबर उपाध्याय मेघविजयांनी त्यांच्या मताच्या खंडनार्थ ‘युक्तिप्रबोध’ लिहिला, तर दिगंबर तेरापंथाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ‘अर्धकथानका’नंतर ते फार काळ हयात नव्हते. त्यांच्या स्फुट रचना आग्र्याच्याच जगजीवन यांनी संवत १७०१ मध्ये ‘बनारसीविलास’ नावाने एकत्र केल्या. आणि ‘अर्धकथानक’ पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून संपादून प्रकाशित केले.